चुन्याची निवळी आणि प्रत्यवाय

रात्री साडेदहाला टाकीवरचे दिवे जातात. मग मी ओट्याखालचा पाच लिटरचा पांढरा कॅन बाहेर काढते. उचलत नाही, फरशीवरून हळूच सरकवते, कारण आतलं पाणी हललं की रात्र वाया. झाकणाच्या भोकातून नळी मध्यापर्यंत सोडायची, वरच्या पापुद्र्याला आणि तळच्या साक्याला न शिवता लिटरभर काढायचं, ते बाटलीत भरून सलाइनच्या नळीने टाकीला लावायचं. सेकंदाला एक थेंब. पहाटे चारच्या सुमाराला बाटली रिकामी होते. गेली चार वर्षं मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत हे चाललं आहे.

कॅनवर मी लाल अक्षरांत ‘चुना. पिऊ नये’ असं लिहून ठेवलंय. आत आहे ती चुन्याची निवळी. भांडुपच्या मराठी शाळेत तीस वर्षं मी हीच निवळी मुलांना दाखवली. परीक्षानळीत निवळी घ्यायची, फुंकनळीने त्यात श्वास सोडायचा, की ती दुधाळ होते. “बाई, दूध झालं!” असं ओरडणारा एक मुलगा दरवर्षी असायचाच. पुस्तक तिथे थांबतं. मी म्हणायची, थांबू नका, फुंकत राहा. गाल दुखेपर्यंत फुंकलं की दुधाळपणा पुन्हा जातो. न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. हा दुसरा निवळपणा फार थोड्या मुलांनी पाहिला, कारण तोवर तास संपायचा. आता तो माझ्या दिवाणखान्यात रोज रात्री घडतो. घरातल्या माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड टाकीच्या पाण्यात उतरतो, चुना त्याला धरतो, आणि गोगलगाई त्याचे शंख करतात.

टाकी मुलाची. दोनशे लिटर समुद्र. दगडांवर गुलाबी शेवाळाचा कडक थर, चामड्यासारखी मऊ पोवळी, दहा-बारा गोगलगाई आणि क्लाऊनफिशची जोडी. दगडी पोवळी नाहीत. आपल्या समुद्रातली ती २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसली आहेत. मुलगा नोकरीसाठी स्टुटगार्टला गेला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. जाताना त्याने मला ‘काल्कवासर’ समजावून दिलं. पेटर विल्केन्स नावाच्या गृहस्थांनी १९७०च्या दशकात जर्मन भाषेत लिहून हा प्रकार मत्स्यटाकीवाल्यांत रूढ केला. मी ऐकून घेतलं, आणि मग म्हटलं, “अरे, ही तर चुन्याची निवळी. तुला आठवीत मीच शिकवलीय.”

शिकवणं वेगळं आणि रोज करणं वेगळं. पानवाल्याकडचा चुना चालत नाही, त्यात काय काय असतं ते देव जाणे. मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून प्रयोगशाळेच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणते. पाणी आरओचं, तेही पुढे रेझिनमधून काढलेलं. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. लिटरभर पाण्यात साधारण दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, त्यापलीकडे नाही. साखरेच्या अगदी उलट, पाणी गरम असेल तर कमीच विरघळतो, म्हणून कॅन गॅसपासून लांब, ओट्याखालच्या गारव्यात. पाच लिटरला मी दहा ग्रॅम घालते, झाकण लावून हलवते आणि रात्रभर बसू देते. उरलेला चुना तळाशी साका होऊन बसतो, आणि पाण्यातली धातूंची अशुद्धीही बरीचशी तिथेच अडकते. वर हवेशी गाठ पडते तिथे कागदासारखा पातळ पापुद्रा धरतो. तो कार्बोनेटचा, म्हणजे वाया गेलेला चुना. पण तो न मोडता ठेवला तर खालच्या निवळीला तोच झाकण होतो. झाकण उघडं टाकलं आणि रोज ढवळलं, तर आठवड्यात कॅनमध्ये नुसतं खडूचं पाणी उरतं. पीएच बाराच्या वर असतो. हातमोजे न घालता काम केलं की बोटं आधी बुळबुळीत होतात, मग तडकतात.

आणि हे सगळं पाणी टाकीतून उडून गेलेल्या पाण्याच्या जागीच घालायचं असतं. मे महिन्यात पंख्याखाली रोज तीन लिटर उडतात; लिटरभर निवळी, बाकी साधं. जुलैत हवाच ओली चिंब, लिटर उडायची मारामार. निवळी घालायची इच्छा कितीही असो, समुद्राला तहानच नसते.

टाकीच्या समोरच्या भिंतीला सासऱ्यांचं देवघर आहे. रेल्वेतली कारकुनी सांभाळून त्यांनी चाळीस वर्षं रोज संध्या आणि पूजा केली. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, शंख. मला एकदा सहज लक्षात आलं की दोन्ही भिंतींवर एकच माल आहे. शंख चुन्याचा. शाळिग्राम म्हणजे गंडकीत सापडणारा अमोनाइटचा जीवाश्म. तो जीव जिवंत असताना त्यानेही समुद्रातलाच चुना गोळा करून आपलं घर बांधलं होतं. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग त्याला पाण्यात ठेवतो ते बरोबरच आहे की.”

एकदा मी त्यांना विचारलं होतं, रोज पूजा करून तुम्हाला काय मिळतं? ते म्हणाले, “काही नाही. नित्यकर्माला फळ नसतं. केलं तर काही मिळत नाही. नाही केलं तर प्रत्यवाय लागतो.” प्रत्यवाय म्हणजे विहित कर्म टाळल्याचा दोष. हा व्यवहार मला तेव्हा सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा वाटला: भरल्याबद्दल कोणी शाबासकी देत नाही, चुकला की दंड. काम्यकर्माचं तरी बरं. पुत्र हवा, पाऊस हवा, म्हणून माणूस काहीतरी करतो. नित्यकर्मात नुसती टांगती तलवार.

पुढे निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की सासऱ्यांनी एका वाक्यात सांगितलं त्यावर हजार-बाराशे वर्षं भांडण आहे. मीमांसकांचा एक पक्ष सासऱ्यांचाच. शंकराचार्यांनी त्यावर गीताभाष्यात आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात नेमकं बोट ठेवलंय. न करणं हा अभाव आहे, आणि अभावातून भाव कसा निघेल? मी संध्या केली नाही, म्हणजे काहीच घडलं नाही. काहीच न घडण्यातून पाप नावाची वस्तू कशी जन्माला येईल? मातीच्या अभावातून मडकं होत नाही. त्यांचं पुढचं म्हणणं मला अधिक सूक्ष्म वाटतं: नित्यकर्म टळणं हे पापाचं कारण नव्हे, आधीच साचलेल्या पापाची ती खूण आहे.

विज्ञानाच्या बाईला हे पटलंच पाहिजे. पटलंही. सासरे गेल्यावर वर्षभर देव तसेच होते. मी त्यांच्यावरची धूळ पुसत असे, तेवढंच. काही झालं नाही. छत पडलं नाही, मुलाचा व्हिसाही वेळेवर आला. त्यांचे सोवळे आतेभाऊ म्हणाले, देव तांदळात ठेव. बरेच दिवस बाहेरगावी जाताना काही घरांत टाक, मूर्ती डब्यात तांदळात ठेवतात. नैवेद्याची चिंता नको. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते.

पोवळी तांदळात ठेवता येत नाहीत.

बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी महिनाभर सांगलीला होते. शेजारच्या बेननी टाकीत रोज साधं पाणी घातलं. निवळीला हात लावायची त्यांना भीती वाटली आणि मीही आग्रह केला नाही. एक महिना निवळी नाही. शंकराचार्यांच्या भाषेत, एक महिना काहीच घडलं नाही. परत आले तर दगडांवरचा गुलाबी थर जागोजागी पांढरा पडलेला आणि गोगलगाईंच्या शंखांची टोकं झिजून खडूसारखी झालेली. अल्कलिनिटी मोजली. जर्मन अंशांत आठ असायची ती पाचावर आली होती.

त्या रात्री मी मोजणीची वही उघडून बसले, आणि वहीने मला आणखी अडचणीत आणलं. उतरण सांगलीपासून सुरू झालेलीच नव्हती. दिवाळीत आठ, डिसेंबरात साडेसात, जानेवारीअखेर सात. थंडीत उठायचा कंटाळा, लग्नसराई, कधी मालिका बघता बघता डोळा लागला. अशा रात्री मी मनातल्या मनात माफ करत आले होते. सांगलीचा महिना फक्त सगळ्यांना दिसण्याजोगा होता. आधीच्या ढिलाईची ती खूण होती. भाष्यातलं वाक्य मला असं घरात येऊन भेटेल असं वाटलं नव्हतं.

पण मग आचार्यांचा पहिला मुद्दा? अभावातून पांढरे डाग कसे पडले? दोन दिवस मी हेच घोकत होते. तिसऱ्या दिवशी माशांना खायला घालताना डोक्यात उजेड पडला. डाग माझ्या न करण्यातून पडलेच नव्हते. ते त्यांच्या जगण्यातून पडले होते. गोगलगाय काही महिनाभर थांबली नाही, शेवाळ थांबलं नाही. ते चुना ओढतच होते. उपसा चालू होता, भर बंद होती. अभावाने काही निर्माण केलं नाही, आचार्यांचं तर्कशास्त्र शाबूत आहे. पण उपसा चालू असताना ‘मी काहीच केलं नाही’ या वाक्याला अर्थ उरत नाही.

आता हाच उपसा अरबी समुद्रातही चालू आहे, आणि तिथे कोणाला प्रत्यवाय लागत नाही. नद्या डोंगरांतला चुना विरघळवून आणतात, समुद्राच्या मानाने गोगलगाय कितीशी खाणार? फरक माझ्या मते फक्त त्या काचेचा आहे. ज्या दिवशी मुलाने दोनशे लिटर पाणी काचेत कोंडलं, त्या दिवशी नद्यांचं काम आमच्या घराकडे आलं. कोणी आज्ञा केली नाही, कोणत्या ग्रंथात लिहिलं नाही. एखाद्या जिवाला त्याच्या पोशिंद्यापासून तोडलं की त्याच क्षणी पोसणं हे नित्यकर्म होतं, आणि ते चुकणं हा दोष होतो. समुद्राला शंकराचार्य लागू, टाकीला मीमांसक. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो असं म्हटलंय. मला वाटतं काही ऋणं माणूस दुकानातून काच विकत आणून करतो.

हे इतकं नीट सुचल्यावर मी शहाणी व्हायला हवी होते. झालं उलटं. अपराधी माणसाला प्रायश्चित्ताची घाई असते. महिन्याची भरपाई एका संध्याकाळी करायची म्हणून मी कॅन उचलला (उचलला!) आणि अर्ध्या तासात सगळीच्या सगळी निवळी, साक्यासकट, टाकीत ओतली. पाच मिनिटांत टाकीत बर्फ पडायला लागला. पीएच उसळला की पाण्यातलाच चुना कार्बोनेट होऊन पांढरा पांढरा खाली बसतो. तीस वर्षं शिकवलेला प्रयोग, फक्त दोनशे लिटरच्या परीक्षानळीत. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. मी खिडक्या उघडल्या, पंप वाढवला, आणि नाक्यावरच्या पानवाल्याकडून चार बाटल्या साधा सोडा आणून थोडा थोडा सोडला. सोड्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो पीएच उतरवतो. रात्री दोनपर्यंत फुंकनळीचाच उद्योग. सकाळी जोडीतला मोठा मासा तळाशी होता. महिनाभर न केल्याने एकही जीव गेला नव्हता. एका संध्याकाळच्या करण्याने गेला.

पानवाला हसत म्हणाला होता, “बाई, मला वाटलं चुना मीच लावतो लोकांना.”

बेनना मी मेलेला मासा दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. त्या कच्छी जैन. आमच्या मजल्यावर सहापैकी चार घरं त्यांचीच. त्यांना निवळीचं नवल नव्हतं. “आमच्या महाराजसाहेबांकडे रात्री चुना घातलेलं पाणी ठेवतात,” त्या म्हणाल्या, “त्यात जीव पडू नये म्हणून.” मी चमकले. तोच चुना तिकडे पाण्यात जीव येऊ नयेत म्हणून, इकडे आहेत ते जगावेत म्हणून. मी त्यांना सरळ विचारलं, ही टाकी म्हणजे हिंसा आहे का? त्यांचं उत्तर असं: आणली ती हिंसा. आता ठाण्याच्या खाडीत सोडशील तर ती दुसरी हिंसा. आता ही तुझी पांजरापोळ समज. भुलेश्वरची पांजरापोळ १८३४ची. तिथल्या म्हाताऱ्या गाईंना कोणी विचारत नाही की तुम्ही कशासाठी ठेवल्यात. मला उत्तर आवडलं, पण पुरतं पटलं नाही. पांजरापोळीत दुसऱ्याने टाकलेलं जनावर येतं. माझ्याकडे आम्हीच आणलेलं आहे. दया आणि परतफेड यांत फरक आहे, आणि मला वाटतं माझं काम दुसऱ्या प्रकारचं आहे.

मुलाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि डोसिंग पंप घे म्हणाला. रात्रभर मोजून थेंब सोडतो, विसरत नाही, झोपत नाही, पश्चात्तापही करत नाही. हा शेवटचा गुण मी त्या मासळीच्या निधनानंतर मनापासून मानते. तरी घेतला नाही. कारण विचाराल तर विनोबा. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी दिलेल्या प्रवचनांची साने गुरुजींनी टिपणं घेतली, तीच ‘गीता प्रवचने’. त्यांत विनोबा बाहेरच्या कर्माला मनाच्या साथीची, त्यांच्या शब्दांत विकर्माची, जोड मागतात. पंप कर्म करील. पण पाहा, गोगलगाईला माझ्या विकर्माशी काय देणंघेणं? तिला चुना हवा. पूजा गुरुजींना सांगितली तर देव रागावत नाहीत, तर पोवळी पंपावर का रागावतील? हा प्रश्न मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारला आणि हरले. पंप न घेण्यात माझा स्वार्थ आहे एवढंच म्हणता येईल: रोज हाताने मोजते म्हणून रोज टाकीकडे बघते.

काच फक्त घरात असते असंही नाही. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला दगडी पोवळी उघडी पडायची, मुंबईत. कोणी त्यांना चुना घालत नव्हतं आणि त्यांना कोणाची गरजही नव्हती. सागरी किनारा रस्त्यासाठी त्या खडकांवर भराव येणार म्हटल्यावर २०२०मध्ये ती कॉलनी-कॉलनीने उचलून दुसरीकडे हलवावी लागली, शास्त्रज्ञ लावून, परवानग्या काढून, मग जगली का ते पुन्हा पुन्हा पाहून. जोवर समुद्र समुद्राच्या जागी होता तोवर महापालिकेवर कसलंच नित्यकर्म नव्हतं. भराव टाकायचं ठरलं, आणि पोवळ्यांचा हिशेब शहराच्या नावावर आला.

राहता राहिले देव. तेही कोणी तरी आणूनच बसवले आहेत, मग त्यांचं काय? मला दीड दिवसाच्या गणपतीने याचं उत्तर दिलं. प्राणप्रतिष्ठा केली की सकाळ-संध्याकाळ पूजा आली, नैवेद्य आला. हे किती दिवस झेपेल ते आपलं आपण ठरवायचं आणि तितक्या दिवसांनी उत्तरपूजा करून, अक्षता वाहून मोकळं व्हायचं. विसर्जनाकडे मी आता रडू येण्याचा प्रसंग म्हणून बघत नाही. ज्याचं नित्यकर्म आपल्याला कायम झेपणार नाही त्याला वेळीच समुद्राच्या हवाली करावं, इतका व्यवहारी विधी दुसरा नसेल. देव परत जाऊ शकतात, म्हणून माझ्याकडून त्यांची पूजा चुकली तरी मी घाबरत नाही. आणि गंमत म्हणजे घाबरत नाही तेव्हापासून सकाळी दोन फुलं वाहायला लागले आहे. टाकीला उत्तरपूजा नाही.

यंदा गणपतीला आठ दिवस चिपळूणला जायचं आहे. बेनचं पर्युषण त्याच सुमारास, पण त्या म्हणाल्या, उपवास पोटाला आहे, हाताला नाही. त्यांना हातमोजे दिलेत, थेंब मोजायला शिकवलंय, आणि एका रात्रीत दुप्पट घालायचं नाही हे तीनदा बजावलंय. आठ रात्रींचे आठ लिटर. दोन कॅन भिजवून ओट्याखाली ठेवलेत. झाकणं घट्ट आहेत, वर पापुद्रा धरू लागलाय.